त्यांचं ऑफिस बंद होतं, आपलं घड्याळ चालू होतं

एडिसन, आयसेलिन आणि आसपासच्या आपल्या मंडळींसाठी आज जरा लांबलचक लिहितेय. चहा घेऊन बसा.

परवा एका घरी जेवायला गेलो होतो. कोविडच्या दिवसांचा विषय निघाला. नुकताच एच-वनवर आलेला एक मुलगा सहज म्हणाला, "तेव्हा काय, सगळंच बंद होतं ना. सरकारी ऑफिसं बंद, तुम्हीपण घरात. म्हणजे हिशेब सारखाच." कुणी काही बोललं नाही. वाढणं चाललं होतं, मीही गप्प बसले. पण घरी आल्यावर वाटलं की हे एकदा नीट सांगायला हवं. हिशेब सारखा नव्हता. ऑफिसचं घड्याळ थांबलं होतं, आपलं चालूच होतं. ज्यांच्या घरात ते टिकटिकत होतं त्यांना आजही त्या तारखा पाठ आहेत.

मी वकील नाही, आधीच सांगते. पण इतकी वर्षं या भागात काढल्यावर आमच्या डायनिंग टेबलवर लोकांचे इतके फॉर्म भरले गेलेत की त्यांची नावं नातेवाइकांसारखी झालीत. त्यामुळे जे पाहिलं ते, आणि जे सरकारी नोंदीत आहे ते, एवढंच लिहितेय.

झालं असं की १८ मार्च २०२० ला यूएससीआयएसने लोकांना समोरासमोर बोलावून करायची सगळी कामं थांबवली. ग्रीन कार्डच्या आणि नागरिकत्वाच्या मुलाखती, बोटांचे ठसे, शपथविधी, सगळं. आधी म्हणाले १ एप्रिलपर्यंत. मग ३ मे झालं. मग ३ जून. ४ जूनपासून काही ऑफिसं उघडायला लागली, बाकीची टप्प्याटप्प्यानं.

बंद ठेवलं हे चुकलं असं मी अजिबात म्हणत नाही. तो एप्रिल न्यू जर्सीत काढलेल्या कुणीही म्हणणार नाही. लहान वेटिंग रूममध्ये शंभर माणसं बसवायची ती वेळ नव्हती. पोस्टानं येणारे अर्ज आतमध्ये बघितले जात होते, अगदीच कुलूप नव्हतं. काही गोष्टी तर त्यांनी पटकन सोप्या केल्या. शाईच्या सहीचा मूळ कागदच हवा हा हट्ट सोडला, सही केलेल्या कागदाची स्कॅन कॉपी चालायला लागली. जास्तीची कागदपत्रं मागणाऱ्या नोटिशीला उत्तर द्यायला ठरलेल्या तारखेनंतर आणखी ६० दिवस दिले. आणि मार्चअखेर जाहीर केलं की वर्क परमिट वाढवायला अर्ज केलेल्यांचे पूर्वी घेतलेले ठसेच पुन्हा वापरू, नव्यानं बोलावणार नाही.

हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता उघडल्यानंतरचे नियम आठवतात का? अपॉइंटमेंटच्या १५ मिनिटांपेक्षा आधी इमारतीत पाऊल टाकायचं नाही. शपथविधी असेल तर ३० मिनिटं. तोंडावर मास्क. दारात सॅनिटायझर. ताप-खोकला असेल किंवा १४ दिवसांत कुणा आजारी माणसाचा संपर्क आला असेल तर येऊच नका, तारीख बदलून घ्या, दंड नाही. आणि काळ्या किंवा निळ्या शाईचं पेन स्वतःचं आणा! आपल्या लोकांना १५ मिनिटांचा नियम सगळ्यात जड गेला असेल. आपण तासभर आधी पोचणारी माणसं. त्या उन्हाळ्यात पार्किंगमध्ये एसी लावून बसलेल्या गाड्या बघितल्या की मला आत कोण असेल ते न बघताच कळायचं.

तशा एका गाडीत मीही बसले होते. आमच्या शेजारच्या काकूंना शपथेसाठी घेऊन गेले होते. काकू मूळच्या सांगलीच्या, वय सत्तरीच्या पुढे. फेब्रुवारीत मुलाखत पास झाल्या होत्या. शपथेची तारीख मार्चअखेरची, ती रद्द झाली. मग जुलैत पत्र आलं. मुलगा आणि सून दोघंही त्या दिवशी कामावर, आणि तसंही आत कुणालाच सोडणार नव्हते. ज्याची शपथ त्यानंच आत जायचं. मदतीशिवाय चालता-फिरता येत नसेल तरच सोबत माणूस. एरवी अशा समारंभाला घरची सगळी वरात जाते, नातवंडं झेंडे हलवतात, पडद्यावर व्हिडिओ दाखवतात, फोटो काढतात. इथे कायद्यानं लागेल तेवढंच. काकू इरकल नेसून आल्या होत्या, त्यावर निळा सर्जिकल मास्क, पर्समध्ये स्वतःची दोन पेनं. "एक चाललं नाही तर?" म्हणाल्या.

अर्ध्या तासाच्या आत बाहेर आल्या. हातात एक मोठं पाकीट आणि एक छोटा झेंडा. गाडीत बसल्यावर मला पहिलं वाक्य काय म्हणाल्या असतील? "कार्ड घेतलं गं काढून." ग्रीन कार्ड परत द्यावं लागतं, त्यांना माहीत होतं, तरी चौदा वर्षं पर्समध्ये सांभाळलेली वस्तू हातातून गेली याचं त्यांना वाईट वाटत होतं. मग म्हणाल्या, आतली बाई फार चांगली होती. प्रत्येकापासून सहा फूट लांब उभी राहून प्रत्येकाला नावानं अभिनंदन म्हणत होती. माझं नाव तिनं बरोबर उच्चारलं. नोव्हेंबरमध्ये काकूंनी आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत टपालानं दिलं. त्या वर्षी आपल्या राज्यात मतपत्रिका घरीच आल्या होत्या.

हे मुद्दाम सांगते, कारण अशा एक लाखाहून जास्त लोकांची शपथ त्या बंदमध्ये अडकली होती. परीक्षा पास, मुलाखत पास, सगळं मंजूर, फक्त हात वर करून चार वाक्यं म्हणायची बाकी. ती म्हटली नाहीत तर मत नाही, पासपोर्ट नाही. व्हिडिओवर घ्या म्हणून खूप मागणी झाली. खात्याचं म्हणणं होतं की कायद्यात जाहीर समारंभ म्हटलंय, तो पडद्यावर होत नाही. मग डेट्रॉइटकडे पार्किंगच्या इमारतीत गाडीत बसल्या बसल्या शपथा दिल्या. काच खाली करा, हात वर करा, झालात नागरिक. हसू येतं, पण मला ते आवडलं. माणसं अडकलीत हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्यानं वाट काढली. उन्हाळा संपेपर्यंत शपथांची ती तुंबलेली रांग जवळजवळ निघालीसुद्धा.

म्हणजे मनात आणलं तर रांग निघते. मग बाकीच्या रांगांचं काय झालं?

ठशांची गोष्ट घ्या. एच-फोरवर असलेल्या बायकांना, आणि पुरुषांनाही, २०१५ पासून वर्क परमिट मिळायला लागलं. सगळ्यांना नाही, ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्यापर्यंत पोचलंय त्यांनाच. त्यावर आपल्या किती तरी मुली बँकांत, शाळांत, औषध कंपन्यांत नोकरीला लागल्या. पूर्वी नवऱ्याचा एच-वन प्रीमियममध्ये टाकला की बायकोचा एच-फोर आणि वर्क परमिट बहुतेक वेळा त्याच्याबरोबर होऊन यायचं. मार्च २०१९ पासून नियम आला की एच-फोर वाढवायला प्रत्येकाचे बोटांचे ठसे हवेत, माणशी ८५ डॉलर, लहान मुलांचेसुद्धा. तेव्हापासून बायकोची फाइल वेगळी पडली आणि मागे राहायला लागली. त्यात साथ आली, ठशांची केंद्रं बंद. जूननंतर उघडली, पण अंतर पाळायचं म्हणजे तासाला थोडीच माणसं. मागची रांग निघाली नाही तोवर पुढची येऊन उभी.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं ते आता आठवा. वर्क परमिटच्या अर्जाला जुने ठसे चालत होते. पण त्याच बाईच्या एच-फोरच्या अर्जाला नवे ठसे लागत होते, आणि एच-फोर झाल्याशिवाय वर्क परमिट होत नाही. बोटं तीच. बाई तीच.

वर्क परमिटची तारीख संपली की त्या दिवशी नोकरी थांबते. अर्ज वेळेत केला असेल तर देशात राहता येतं, काम करता येत नाही. माझ्या ओळखीत एकीनं दहा वर्षांचा अनुभव असताना शुक्रवारी लॅपटॉप परत केला. वाट किती बघायची ते मालकही सांगू शकत नव्हता, तीही नाही. तिच्या बाबतीत कुणा एका माणसानं किंवा एका ऑफिसनं मुद्दाम काही केलं असं मी म्हणणार नाही. एका नियमाला दुसरा बांधला, दुसऱ्याला तिसरा, आणि गाठ नेमकी तिच्या पगारावर बसली. घरात पैसा कमी आला हे एक. पण ती म्हणायची, "रोज सकाळी उठून मेलबॉक्स बघायचा, हेच आता माझं काम झालंय."

पुढे काय झालं ते बघा. १७ मे २०२१ पासून एच-फोरवाल्यांना ठसे देण्याची अट स्थगित केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोर्टातल्या तडजोडीत ठरलं की वेळेत अर्ज केला आणि एच-फोरची मुदत शिल्लक असेल, तर वर्क परमिट आपोआप १८० दिवसांपर्यंत पुढे चालेल; २०२५ पर्यंत ही सोय होती. ऑक्टोबर २०२३ पासून त्या अर्जावरची ठशांची फीच काढून टाकली. ज्या गोष्टीवाचून एका बाईला कामावर बसता येत नव्हतं, ती गोष्ट नंतर नसली तरी चालायला लागली. मग तेव्हा का चालली नाही?

आता ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट. ऑक्टोबर २०२० आपल्याकडे कुणी विसरणार नाही. तारखा अचानक पुढे सरकल्या. वर्षानुवर्षं रांगेत असलेले लोक कागद गोळा करायला धावले, मेडिकलसाठी डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट मिळेनात, मुंबई-पुण्याहून जन्मदाखले कुरियरनं मागवले. हे का झालं? जगभरातले अमेरिकन वकिलातींचे दरवाजे बंद होते, त्यामुळे आदल्या वर्षी नातेवाइकांच्या कोट्यातली लाखाहून जास्त ग्रीन कार्डं वापरलीच गेली नाहीत. कायद्यानुसार ती पुढच्या वर्षी नोकरीच्या कोट्यात आली. एरवी तिथे साधारण १ लाख ४० हजार असतात, त्या वर्षी २ लाख ६२ हजार होती. एका देशाला सात टक्के या नियमामुळे दशकानुदशकं ताटकळणाऱ्या आपल्या लोकांना अशी संधी क्वचितच येते.

३० सप्टेंबर २०२१ ला सरकारी वर्ष संपलं. त्यातली ६६ हजारांहून जास्त ग्रीन कार्डं तशीच राहिली. वाया गेली. ऑफिसं उघडून सव्वा वर्ष झालं होतं, अर्ज टेबलावर होते, पण तेवढ्या फायली वेळेत हातावेगळ्या झाल्या नाहीत. पुढच्या वर्षी खातं जोरात कामाला लागलं आणि मिळालेला सगळा कोटा वापरला, हेही सांगायला हवं. पण गेलेली परत आली नाहीत. त्या रांगेत अशीही घरं असतात जिथे इथेच वाढलेलं मूल २१ वर्षांचं होतं आणि आई-वडिलांच्या फाइलमधून बाहेर पडतं. साथ आहे म्हणून वाढदिवस थांबत नाही.

आणि मुंबई. बीकेसीतल्या वकिलातीनं मार्च २०२० मध्ये नेहमीच्या व्हिसा अपॉइंटमेंट रद्द केल्या. इथे ४ जूनला दार उघडलं, तर २२ जूनला राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं बाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन, एच-फोर, एल व्हिसावाल्यांना वर्षअखेरपर्यंत प्रवेश बंद. तो आदेश पुढे मार्च २०२१ अखेरपर्यंत गेला. एक दार उघडलं आणि अठरा दिवसांत दुसरं लागलं. पासपोर्टवरचा स्टॅम्प संपलेले आपले लोक वडील गेले तरी जाऊ शकले नाहीत. जाता आलं असतं, परत येता आलं असतं की नाही ते कुणीच सांगत नव्हतं.

आई-वडिलांचं इकडे येणं तर आणखी लांबलं. पहिल्यांदा येणाऱ्यांच्या टूरिस्ट व्हिसाच्या नेहमीच्या मुलाखती भारतात सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्या, आणि त्या वर्षाच्या शेवटी मुंबईची तारीख बघायला गेलं तर अडीच वर्षांपुढची दिसायची. त्या काळात आपल्या भागात किती बाळंतपणं झाली, आठवून बघा. डोहाळजेवण झूमवर, बारसं झूमवर. डिंकाचे लाडू कुरियरनं आले, आजी आली नाही. आजी आली तेव्हा नातू तिच्याकडे जाईना, कारण आजी म्हणजे फोनमध्ये असते असं त्याला वाटायचं.

भारत सरकारनंही काही कमी केलं नाही. मार्च २०२० मध्ये ओसीआयवरचा प्रवास स्थगित केला. इथे जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या आई-बापांना, स्वतःचा भारतीय पासपोर्ट असून, बाळामुळे वंदे भारतच्या विमानात बसता येईना. २२ मेला ती अट सैल केली तेव्हा ती मंडळी घरी गेली.

"साथच होती, कोण काय करणार?" असं कुणी म्हटलं तर माझं उत्तर हे आहे. घड्याळ थांबवता येतं, आणि तेव्हा ते थांबवलंही गेलं. अमेरिकेतच टॅक्स भरायची १५ एप्रिलची तारीख १५ जुलै केली, सगळ्यांना सरसकट, अर्ज न मागता. आपल्या न्यू जर्सीत एमव्हीसीची ऑफिसं बंद होती तर संपत आलेल्या लायसन्सची मुदत राज्यानं आपोआप वाढवली. भारतानं तिथे अडकलेल्या परदेशी लोकांचे व्हिसा फी न घेता वाढवले. ब्रिटननं अडकलेल्यांचे व्हिसा २०२० च्या जुलैअखेरपर्यंत पुढे नेले. तत्त्व साधं आहे. आमचं दार बंद आहे म्हणून तू येऊ शकत नाहीस, तर तुझी तारीख तोवर मोजणार नाही. इमिग्रेशनच्या बाबतीत नोटिशीच्या उत्तराला साठ दिवस मिळाले, पण माणसाच्या वर्क परमिटला ते मिळाले नाहीत. कागदाला सवलत मिळाली आणि तो कागद ज्याचा होता त्याला नाही.

खात्याची बाजूही बघायला हवी. यूएससीआयएस जवळजवळ सगळं अर्जदारांच्या फीवर चालतं. अर्ज आटले तसा पैसा आटला. मे २०२० मध्ये त्यांनी काँग्रेसकडे १.२ अब्ज डॉलर मागितले आणि नंतर १३ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवण्याच्या नोटिसा काढल्या. ते ऑगस्टअखेरीस रद्द झालं. म्हणजे काकूंचं नाव नीट उच्चारणारी ती बाई कदाचित त्या दिवशी स्वतःच्या नोकरीची वाट बघत होती. काचेच्या दोन्ही बाजूंना माणसंच होती. म्हणून माझं भांडण खिडकीतल्या माणसाशी नाही, नियम लिहिणाऱ्यांशी आहे.

मग आपण काय करायचं? माझ्या टेबलावरच्या अनुभवातून थोडं सांगते.

पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवा, कायद्यानंच लागतं. २०२० मध्ये रद्द झालेल्या अपॉइंटमेंटच्या नव्या तारखा पोस्टानं आल्या, आणि मधल्या काळात घर बदललेल्यांची पत्रं जुन्या दारात पडून राहिली. वर्क परमिट वाढवायचा अर्ज मुदत संपायच्या सहा महिने आधी करता येतो, शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. फाइल विनाकारण अडकली असेल तर तुमच्या भागातल्या काँग्रेस प्रतिनिधीच्या ऑफिसला सांगा. त्यांच्याकडे याच कामाला माणसं असतात, परवानगीचा एक फॉर्म भरून द्यावा लागतो, पैसे लागत नाहीत. नागरिक असायलाच हवं असंही नाही, तिथे राहत असलात की पुरे. आपले लोक हे करायला लाजतात. लाजू नका.

आणि जे नागरिक झालेत त्यांच्यासाठी एक. निवडणुकीच्या वेळी उमेदवार ओक ट्री रोडवर येतात, आपल्याबरोबर समोसे खातात, दिवाळीच्या शुभेच्छा देतात. त्यांना एकच प्रश्न विचारा. पुढच्या वेळी, साथ येवो, पूर येवो, काहीही होवो, सरकारी ऑफिस बंद झालं तर त्या काळात लोकांच्या तारखा आपोआप थांबतील असा कायदा करायला तुम्ही मत देणार का? हो की नाही, एवढंच. त्या जेवणातला मुलगा अजून तीसचाही नाही. त्याच्या रांगेला बरीच वर्षं बाकी आहेत, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापेक्षा त्याचा जास्त आहे.